कर्ण्यातून आलेला आवाज

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कल्याणच्या दूधनाक्यावर आमचं जुनं घर होतं. मागच्या बाजूला एक लहान खिडकी होती. त्या खिडकीतून वारा फारसा येत नसे, आवाज मात्र यायचे. पाच वेळची अजान यायची, खाडीवरून होडीवाल्यांच्या हाका यायच्या आणि वर्षभर कुठल्या ना कुठल्या मंडपातला कर्णा यायचा. भिंतीवर कॅलेंडर नसतं तरी कुठला महिना चालू आहे हे आम्हाला कळलं असतं. आषाढात विठ्ठल, श्रावणात सत्यनारायण, भाद्रपदात गणपती, मग नवरात्रात अंबाबाई आणि एप्रिल उजाडला की बाबासाहेब. गंमत अशी की देव बदलत, मंडप बदलत, पण गाणारा गळा तोच असायचा. हा एकच माणूस आहे, त्याचं नाव प्रल्हाद शिंदे आहे आणि शिंदे कुटुंब आपल्याच कल्याणचं आहे, हे मला बऱ्याच उशिरा, आठवी-नववीत असताना कळलं. सांगितलं ते आमच्या अब्बांनी. ते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते आणि कव्वालीचे शौकीन होते. म्हणाले, 'अरे, हा तर आपल्या इस्माईल आझादच्या पार्टीतला माणूस.'

'आपल्या' हा शब्द अब्बांनी ज्या सहजतेने वापरला, ती मला आजही आठवते.

प्रल्हाद भगवानराव शिंदे यांचा जन्म १९३३चा. घराण्याचं मूळ मंगळवेढ्याचं. आई सोनाबाई आणि वडील भगवानराव दोघंही गाणारे. पण घराणं म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर तंबोरा, गुरुजी, गंडाबंधन असं जे चित्र येतं, ते इथे लागू नाही. हे रस्त्यावर गाऊन पोट भरणारं घर होतं. आईवडील कीर्तनं, भजनं गात फिरायचे, तीन मुलांतला धाकटा प्रल्हाद त्यांच्यामागे असायचा. रियाझ म्हणाल तर हाच. रस्त्यावर गाणाऱ्याला एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळते. समोरचा माणूस थांबलेला नसतो, तो चालत असतो. त्याला थांबवायचं असेल तर पहिल्याच ओळीत त्याच्या कानात शिरावं लागतं. शब्द स्वच्छ हवा, सूर वरचा हवा आणि मुखडा असा हवा की दहा पावलं पुढे गेलेल्या माणसाच्या तोंडीही तो यावा. पुढे या माणसाने जे जे गायलं त्यात हे तीनही गुण आहेत, आणि ते कुठल्या गायनशाळेत मिळालेले नाहीत.

दुसरी शाळा कव्वालीची. १९५० नंतरची मुंबई म्हणजे कव्वालीची मुंबई. १९५८ साली 'अल हिलाल' हा चित्रपट आला आणि त्यातल्या कव्वालीने इस्माईल आझाद हे नाव घराघरात पोचवलं. मग युसूफ आझाद आणि रशीदा खातून यांचे मुकाबले, शकीला बानो भोपाली, अझीझ नाझां... रात्र रात्र चालणारे कार्यक्रम. दर्ग्यातली कव्वाली वेगळी आणि ही स्टेजवरची वेगळी. दर्ग्यात गाणारा पीराच्या समोर बसलेला असतो. स्टेजवर तो पब्लिकच्या समोर बसतो, आणि समोर दुसरी पार्टी त्याची फजिती करायला टपलेली असते. हार्मोनियम, ढोलक, बेंजो, मागे टाळी धरणारे चार-पाच कोरसवाले. मुख्य गायक मुखडा म्हणतो, मध्येच हात वर करून एक शेर टाकतो, शेर जिथे संपतो तिथे कोरस त्याला झेलतो आणि पुन्हा मुखड्यावर आणून सोडतो. हे 'आणून सोडणं' फार अवघड. एक मात्रा चुकली तर सगळी पार्टी उघडी पडते. इस्माईल आझाद यांच्या पार्टीत प्रल्हाद शिंदे हेच शिकले.

आता कुणी विचारेल, मराठी मुलखातल्या बौद्ध वस्त्यांत कव्वाली इतकी रुजली कशी? १४ एप्रिलच्या रात्री कल्याणपासून नागपूरपर्यंत जे गायन व्हायचं, त्यात कव्वालीचा मुकाबला हा मुख्य असायचा. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, नागोराव पाटणकर अशी किती नावं सांगावीत. याचं कारण मी माझ्यापुरतं असं लावतो. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर जुने देव सोडले गेले. पण आपल्याकडच्या जुन्या गाण्यांच्या बहुतेक चाली कुठल्या ना कुठल्या देवाला बांधलेल्या. गोंधळ घ्यावा तर अंबाबाई येते, तमाशाचा गण घ्यावा तर पहिलाच गणपती. भीमराव कर्डक आणि त्यांच्या बरोबरच्यांनी त्याआधीच जलशात गणाची रचना बदलून घेतली होती, ती मोठी कामगिरी. पण नव्या पिढीला नवं, शहरी, जोरकस असं काही हवं होतं. कव्वाली तयारच होती. तिच्यात सवाल-जवाब होता, म्हणजे वाद घालायची सोय होती. आणि या समाजाला वाद घालायचाच होता. एका समाजाची चीज दुसऱ्याने उचलली आणि ती स्वतःची करून टाकली. आमच्या अब्बांना याचा राग कधीच आला नाही. उलट जयंतीच्या रात्री ते मला खांद्यावर बसवून घेऊन जात, आणि एखादा शेर जमला की दहाची नोट काढून स्टेजकडे पाठवत. महिन्याचा पगार किती होता हे सांगत नाही, पण त्या दहा रुपयांवरून घरी बोलणी बसत.

मग आल्या रेकॉर्डी. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं एचएमव्हीच्या रेकॉर्डींवर आली आणि त्यांचं आयुष्य बदललं. रात्रभर चालणाऱ्या मुकाबल्यात गायला लागणारी ताकद तीन-साडेतीन मिनिटांत बसवायची होती. लोकगीताचा गायक या ठिकाणी बऱ्याचदा अडखळतो. त्याला रंगायलाच अर्धा तास लागतो. शिंदे अडखळले नाहीत. पहिल्याच ओळीत माणसाला थांबवायची सवय लहानपणची होती. मधुकर पाठकांचं संगीत, दत्ता पाटील, हरेंद्र जाधव यांची गीतं आणि हा गळा, हे रसायन जमून आलं. 'चंद्रभागेच्या तीरी' घ्या. चालीत कुठेही अवघड जागा नाही. भजनी मंडळातल्या बेसूर माणसालाही ती म्हणता येते. पण ती शिंद्यांसारखी म्हणून बघा. मुखड्यावर परत येताना जो झोक आहे, तो पंढरीच्या वाळवंटातला नाही, तो कव्वालीच्या स्टेजवरचा आहे. मी हे एकदा एका भजनीबुवांना सांगितलं, तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, 'मियां, तुमचं खरं आहे. पण सगळ्यांना सांगत बसू नका.'

या आवाजाबद्दल शिष्ट मंडळी एक शब्द वापरत – कर्कश. आमच्या डोंबिवलीच्या बाजूला, जिथे भावगीत आणि नाट्यपद यांचा दर्दी श्रोता राहतो, तिथे मी तो शब्द बऱ्याचदा ऐकला. त्यावर थोडं तांत्रिक बोलतो. मंडपावर जो कर्णा बांधलेला असतो, त्याच्या अरुंद गळ्यातून खर्जाचे सूर धड बाहेरच येत नाहीत. मऊ, कुजबुजता, मायक्रोफोनच्या जवळ जाऊन गायलेला आवाज कर्ण्यातून आला की त्याचा चिखल होतो. घरात रेडिओवर मधासारखी वाटणारी गाणी चौकात भुसा होतात, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. उलट वरच्या पट्टीतला, धारदार, शब्द तोडून म्हणणारा आवाज त्या पत्र्यातून सरळ पार होतो. लोकलचा खडखडाट, रिक्षांचे हॉर्न, बाजारातला कालवा यांच्यावरून जातो. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज दिवाणखान्यासाठी घडलेला नव्हताच. तो रस्त्यावर घडला आणि रस्त्यासाठीच होता. ज्यांनी तो दिवाणखान्यात बसून ऐकला त्यांना तो टोचला, यात नवल नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे भाषण करायला घेतलं, तिच्याकडे येतो.

मंगळवेढा हे चोखामेळ्याचं गाव. गावकुसाचं बांधकाम करताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले, साल १३३८, असं परंपरा सांगते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारात समाधी बांधली. जिवंतपणी ज्याला आत घेतलं नाही, त्याला मेल्यावरही दाराबाहेरच जागा मिळाली. पुढची सहाशे वर्षं ते दार तसंच होतं. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा ते उघडलं. म्हणजे प्रल्हाद शिंदे त्या वेळी चौदा वर्षांचे असतील. ज्या मुलाला वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत त्या देवळाची पायरी चढता आली नसती, त्याच मुलाचा आवाज पुढे वारीच्या वाटेवर, एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर विठ्ठलाचा आवाज झाला. ज्यांच्या आजोबांनी दार लावून घेतलं होतं, त्यांच्याही घरात सकाळी तोच आवाज लागू लागला.

याला दुसरी बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. धम्मदीक्षेच्या वेळी शिंदे तेवीस वर्षांचे होते. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये या देवदेवतांना मानणार नाही हे स्पष्ट आहे, गौरी-गणपतीचा तर नावाने उल्लेख आहे. मग त्याच समाजातला, आयुष्यभर भीमगीतं गाणारा माणूस गणपतीची आणि सत्यनारायणाची गाणी गातो, हे कसं? हा सवाल मी वस्तीत ऐकला आहे, माझ्या कॉलेजमधल्या मित्रांच्या तोंडून, आणि तो सवाल खोटा नव्हता. ते मित्र घरात एकही देव न ठेवणारे, सणाचा प्रसादही न खाणारे होते. त्यांच्या आईवडिलांनी त्यासाठी गावात बरंच सोसलं होतं. त्यांना हे गाणं लागायचं.

'पोटासाठी' हे एक उत्तर आहे. ते खरं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. रेकॉर्ड कंपनी जे मागणार ते गाणारा गाणार. पण मला ते उत्तर अपुरं वाटतं. पोटासाठी गायलेलं गाणं ऐकू येतं. त्यात एक सुटलेपणा असतो, गाणारा घड्याळाकडे बघतोय हे कळतं. शिंद्यांच्या विठ्ठलगीतात तसं काही ऐकू येत नाही. मला वाटतं, रस्त्यावर कीर्तन गाणाऱ्या आईच्या मांडीवर जो सूर ऐकला तो प्रतिज्ञेने पुसला जात नाही आणि पुसावा असंही नाही. माणूस देव सोडू शकतो, आईचा सूर कसा सोडणार? कव्वालीत एक रीत आहे. गाणारा कोणत्या मजहबचा आहे हे मैफलीत विचारत नाहीत, ऐकणाऱ्याला 'हाल' आला की नाही एवढंच बघतात. हे माझं म्हणणं झालं. माझ्या त्या मित्रांपैकी एकाला ते आजही पटत नाही आणि त्याच्या न पटण्यालाही माझ्याकडे मान आहे.

गोष्ट इथे संपत नाही. 'तूच सुखकर्ता' हे गणपतीचं गाणं ठाऊक नाही असा मराठी माणूस मिळणं कठीण. ते लिहिलं हरेंद्र जाधवांनी. हरेंद्र जाधव पेशाने शिक्षक, आंबेडकरी चळवळीतले कवी, हजारो गीतांचे धनी. २०२२ साली ते गेले. म्हणजे गणेशोत्सवातलं हे गाणं लिहिणारा आणि गाणारा, दोघंही एकाच वाटेने आलेले. मंडपात आरतीला उभ्या असलेल्या शंभर माणसांपैकी किती जणांना हे माहीत असेल? रेकॉर्डच्या लेबलवर गीतकाराचं नाव असतं, पण कर्ण्यातून लेबल ऐकू येत नाही. नभोवाणीचं मी एका गोष्टीसाठी नेहमी ऋण मानतो. गीत, संगीत आणि स्वर ही तीन नावं सांगितल्याशिवाय निवेदक गाणं लावत नसे. खेड्यापाड्यातल्या कितीतरी कवींची नावं त्या एका वाक्यामुळे जगली.

वामनदादा कर्डकांचं वेगळं होतं. ते स्वतः लिहीत, स्वतः चाल लावत, स्वतः गात आणि शेवटच्या कडव्यात 'वामन' अशी नाममुद्रा घालत. ती मुद्रा काढली तर कडवंच मोडायचं. ज्याला अक्षरओळखच मोठेपणी झाली, त्या कवीने आपलं नाव राखण्याची ही तजवीज केली होती. आमच्या गझलेतला तखल्लुस काय किंवा संतांचा 'तुका म्हणे' काय, हाच तो शहाणपणा.

तो शहाणपणा मला सुचला नाही. १९९१ची गोष्ट. बीए होऊन मी नोकरी करत होतो, कविता छापून येत होत्या. तेव्हा कॅसेटचा सुकाळ होता. रेकॉर्ड महाग, प्लेअर त्याहून महाग. कॅसेट मात्र स्टेशनबाहेर पथारीवर मिळायची. ठाणे-कल्याण पट्ट्यात गल्लोगल्ली कॅसेट काढणारे उभे राहिले होते. अशाच एकाने मला गणपतीची सहा गाणी लिहायला सांगितली. मी लिहिली, मन लावून लिहिली. लहानपणापासून खिडकीतून जे ऐकलं होतं ते सगळं कामी आलं. तीनशे रुपये मिळाले. भाद्रपदाच्या आधी कॅसेट हातात आली. वेष्टनावर गायकाचं नाव होतं, वादकांची होती, फोटो काढणाऱ्याचंही होतं. माझ्या नावाच्या जागी छापलं होतं – 'गीते : पारंपरिक'. विचारलं तर मालक म्हणाले, 'साहेब, तुमचं नाव बघून लोक कॅसेट घेतील का? गैरसमज नको.' माणूस वाईट नव्हता, चहा पाजून हे बोलला. मी कॅसेट घरी आणून अब्बांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून वेष्टन वाचलं आणि म्हणाले, 'पारंपरिक म्हणजे कोण, तुझे आजोबा?'

आम्ही दोघंही हसलो. पण त्या वर्षी आमच्या नाक्यावरच्या मंडपात माझं गाणं लागलं तेव्हा मी खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी उघडली.

असो. मी काही प्रल्हाद शिंदे नाही, माझी ती कॅसेट पुढच्या वर्षी कुणाला आठवलीही नाही. पण तेव्हापासून त्यांच्या नावाकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. शिंद्यांनी आपलं नाव बदललं नाही, झाकलं नाही. सत्यनारायणाच्या गाण्यावरही तेच नाव आणि जयंतीच्या पोस्टरवरही तेच. तेही ज्या काळात नावापुढचं आडनाव विचारून पाण्याचा पेला वेगळा काढणारी घरं होती, त्या काळात.

पुढच्या पिढीचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. आनंद, मिलिंद आणि दिनकर ही तीन मुलं गाण्यातच आली. हिंदीतली आनंद-मिलिंद ही संगीतकारांची जोडी वेगळी, ती चित्रगुप्त यांची मुलं. आमच्याकडे कॅसेटवाल्यांकडे ही गल्लत रोज व्हायची. आनंद शिंदे यांच्या पोपटाच्या गाण्याने कॅसेटच्या जमान्यात धुमाकूळ घातला. त्यावर नाकं मुरडली गेली आणि लग्नाच्या वरातीत तीच नाकं मुरडणारी मंडळी नाचलीही. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्यपालनियुक्त विधान परिषद सदस्यांसाठी सरकारने जी बारा नावं पाठवली त्यांत आनंद शिंदे यांचं नाव होतं. यादी राजभवनात पडून राहिली आणि २०२२ साली नव्या सरकारने ती मागे घेतली. नातवंडांत आदर्श शिंदे यांचा आवाज 'दुनियादारी' या २०१३च्या चित्रपटापासून नव्या पिढीला ओळखीचा झाला. त्यातही गाणं देवाच्या गाभाऱ्याचंच होतं. उत्कर्ष शिंदे डॉक्टर झाले आणि गाणंही सोडलं नाही. भगवानराव-सोनाबाईंपासून मोजलं तर चार पिढ्या झाल्या. लोक या घराण्याला 'शिंदेशाही' म्हणतात. ग्वाल्हेरची शिंदेशाही तलवारीवर उभी राहिली, ही गळ्यावर.

वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले आणि त्यानंतर सहा आठवडेही झाले नव्हते तोच, २३ जूनला प्रल्हाद शिंदे गेले. पालख्या वाटेवर होत्या. आषाढी आठवड्याभरावर आली होती. त्या एकादशीला मी दूधनाक्याहून चालत स्टेशनकडे निघालो होतो. सकाळची साडेसहाची वेळ, पावसाची बारीक भुरभुर. वाटेतल्या एका विठ्ठल मंदिरावर कर्णा लागला होता. खाली कपाळाला बुक्का लावलेला मुलगा शेंगदाण्याच्या लाडवांच्या पुड्या मांडत होता. मी त्याला विचारलं, 'कोण गातंय रे?' तो म्हणाला, 'माहीत नाही चाचा. दरवर्षी हेच लावतात.' मी त्याला नाव सांगितलं. त्याने मान डोलावली, एक लाडू माझ्या हातावर ठेवला आणि पुन्हा पुड्या मांडायला लागला.